भिंतीला पाठ लावून बसणारी

या, अशा जवळ या. उंबऱ्यात काय बसलात पाहुण्यांसारखे? आणि रागावू नका, पण एक सांगते. मघाशी मी उजेडासाठी दारात बसले होते, तर तुम्ही मागच्या बाजूने आलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात, तसं पुन्हा करायचं नाही. इतकी वर्षं येता-जाता, एवढं कळू नये? समोरून यावं, लांबूनच हाक मारावी. हाराची सुई बोटात गेली माझ्या. ते जाऊ द्या, सुया रोजच टोचतात. पण छातीत धडधडतंय ते अजून थांबलं नाही.

हसा, हसा. पूर्वी मीही हसायचे. ही खोड माझी नव्हे, एका बाईची आहे. ती माझ्याकडे हार-गजरे ओवायला होती. बसण्याआधी ती भिंत शोधायची. पाठ भिंतीला टेकली की दोन बोटं गळ्याच्या खळगीवर ठेवायची, कळी उमलली का बघावं तशी हलकेच, आणि विचारायची, "मागं कोण हाय का, मावशी?"

"अगं, मागं भिंत आहे. भिंतीतून कोण येणार?"

"तरी बघा ना."

मग मी उठायची, शेडच्या मागे जाऊन बघून यायची. मागे आमच्या शेवंतीचे वाफे आणि पाण्याची टाकी. "कोणी नाही," म्हटलं की ती दोरा हातात घ्यायची. हे रोज. एखाद्या दिवशी मी कंटाळून, न उठताच "कोणी नाही" म्हणाले तर ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. शेवटी उठावंच लागायचं.

तिचं नाव मी सांगत नाही. का, ते पुढे कळेल. ती पेठ तालुक्याच्या डोंगरातली, म्हणून फुलबाजारात सगळे तिला पेठवालीच म्हणायचे. भात कापून झाला की तिकडची माणसं द्राक्षाच्या कामाला खाली येतात, तशी ती आली होती. इथेच राहिली, इथल्याच एका टेम्पोवाल्याशी लग्न केलं. तो बाजारात फुलांच्या गोण्या पोचवायचा. दिसायला बरा, बोलायला मऊ. मलाही तो बरा वाटला होता. खोटं कशाला सांगू.

तुमच्यातल्या पुष्कळांनी तिला नंतर पाहिलं, म्हणून तुम्हाला ती मुकी वाटली असेल. टोपलीवर कात्री टकटक वाजवून गिऱ्हाईक बोलावायची, ती. पण आधीचा तिचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराला हाक मारायची सवय असलेला गळा तो. तिने "झेंडूऽऽ" म्हटलं की पलीकडच्या चहावाल्याच्या हातचा ग्लास हलायचा. एकदा एक बाई गजरा नाकाला लावून म्हणाली, "फार महाग सांगतेस गं." ही म्हणते, "मग नुसता वास घेऊन जा ताई. वासाचं मी काय घेत नाय." बाई हसली आणि दोन गजरे घेऊन गेली.

आणखी एक तऱ्हा होती तिची. ओवायला घेतलेली माळ अर्धी ठेवायची नाही. जेवायला हाक मारा, पाऊस येऊ द्या, घरी पाहुणे येऊ द्या, तिचं एकच: "आले आले, गाठ मारून येते." गाठ मारल्याशिवाय ती उठायची नाही. मी चिडवायची, "यम आला तरी त्याला म्हणशील, थांब जरा, गाठ मारते." आता हे आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या दिवशी दुपारी ती घरी बसून लग्नाचा हार ओवत होती. नवरा मुलगा संध्याकाळी घोड्यावर बसणार, त्याच्यासाठी गुलाब आणि निशिगंधाचा. हिचा नवरा घरी आला आणि चहा ठेव म्हणाला. ही म्हणाली, गाठ मारते आणि ठेवते. एवढंच. कोर्टात पुढे सगळ्यांनी कारण विचारलं, पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, मीही विचारलं. याच्याहून मोठं कारण तिच्याकडे नव्हतं.

ती पाटावर बसलेली, पाठ त्याच्याकडे. त्याने मागून तिची काळी पोत धरली आणि पिळली. मंगळसूत्राची पोत, त्यानेच घातलेली. तिला एवढंच आठवत होतं की हातातल्या गुलाबाचा रंग गेला, तो काळा दिसायला लागला, आणि मग काहीच दिसेना. पोतीचा दोरा तुटला म्हणून ती राहिली. ती पडली, मणी पडले, आणि तो टेम्पो घेऊन निघून गेला.

आता पुढचं ऐका. ही शुद्धीवर आली. दुसरी कोणी असती तर ओरडत बाहेर धावली असती. हिने घरभर सांडलेले मणी वेचले. दोन्ही वाट्या शोधल्या. फुलांच्या दोऱ्यात ती पोत पुन्हा ओवली, गाठ मारली, गळ्यात घातली. मग राहिलेला हार पुरा केला. त्यालाही गाठ मारली. आणि टोपली घेऊन माझ्याकडे आली.

मी हार हातात घेतला आणि म्हटलं, "हा मध्येच एवढा का आवळलाय गं? अर्धा सैल, अर्धा आवळलेला."

मी वर पाहिलं. तिचे डोळे लाल, म्हणजे रडल्यासारखे नव्हेत, पांढऱ्यात रक्ताचे बारीक ठिपके. पोत नेहमी छातीपर्यंत यायची, ती गळ्याशी चिकटलेली, एवढी आखूड. आणि तिने तोंड उघडलं तर आवाजच नाही. वारा आल्यासारखं काहीतरी.

"पोत वाढली होती मावशी. ओवून घेतली."

तुम्हाला ठाऊक आहे, आपण बायका पोत तुटली असं म्हणत नाही. तिनेही म्हटलं नाही. पण तिचा हात गळ्याकडे गेला आणि मला सगळं कळलं. लग्नघरचा माणूस हार न्यायला आला, तोच हार त्याच्या हातात दिला मी. दुसरं काय करणार? तो "झकास झालाय" म्हणून गेला.

मी तिला चौकीत घेऊन गेले. हवालदार चांगला माणूस होता, पण त्याला गळ्यावर वळ दिसेना. "नवरा-बायकोचं भांडण लिहून घेतो," म्हणाला. "मारलं कुठे? रक्त कुठे आहे?" हिला बोलता येईना, मी बोलले तर तो म्हणे, "आजी, तुम्ही होतात का तिथे?" किरकोळ नोंद करून आम्हाला घरी पाठवलं. गळा दाबलेल्याचं असंच असतं म्हणतात. मारलेलं दिसतं, हे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, कानामागे पाहिलं, "गिळताना दुखतं का" विचारलं, "चड्डी ओली झाली होती का" असं हळूच विचारलं. ही मान खाली घालून हो म्हणाली. डॉक्टरीण बराच वेळ लिहीत होती. मग पोलिसांना म्हणाली, "ही बाई मरता मरता वाचली आहे." तेव्हा कुठे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. पोलीस घरी गेले, पाटाखालून आणि फुलांच्या गोणीतून थोडे काळे मणी निघाले, ते पुडीत बांधले. तिच्या गळ्यातली पोतही काढून घेतली, मुद्देमाल म्हणून. माझ्या टोपल्यांतही पुढे कितीतरी दिवस काळा मणी निघायचा. एखादा झेंडूच्या हारातून कुणाच्या देवाच्या गळ्यातही गेला असेल.

नवऱ्याला पकडलं, तो काही महिने आत राहिला. मग जामीन झाला.

भीती कशी असते ते मला तेव्हा कळलं. जामिनाला अट होती की तिला भेटायचं नाही. तो भेटत नव्हता, नुसता दिसत होता. आम्ही बाजारात बसलो की समोरच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा. तो आत बसलेला. हॉर्न नाही, हाक नाही. इंजिन तेवढं चालू. मी पोलिसाला सांगितलं तर तो म्हणाला, "रस्ता सगळ्यांचा आहे आजी." खरंच होतं त्याचं. रस्ता सगळ्यांचा, फक्त आम्ही दोघी त्याच्यावर मान वर करून चालू शकत नव्हतो. ती आता माझ्याच शेडला लागून असलेल्या खोलीत राहायची. कौलावर मांजर चाललं तरी ती भिंतीला चिकटायची, आणि खरं सांगते, मीही.

पोत गेल्यावर तिने गळ्यात काहीच घातलं नाही. पदरसुद्धा गळ्याशी आला की झटकायची. थंडीत मी मफलर दिला तर कमरेला बांधून बसली. बाजारातल्या बायका बोलायच्या, नवरा जिवंत असून गळा मोकळा ठेवते. तिला ते लागायचं. मला नाही लागायचं, पण तिला लागायचं.

मग तिची नणंद आली. ओटीचं सामान घेऊन, खण-नारळ, गोड बोलणं. "वहिनी, झालं ते झालं. तो रोज रडतो. तू फक्त कोर्टात सांग की रागाच्या भरात तक्रार दिली. तुझ्या कुंकवाचा विचार कर."

ही तिच्या त्या वाऱ्याच्या आवाजात म्हणाली, "ताई, नारळ मागं ठेवू नका. समोर ठेवा."

"म्हणजे कबूल ना?"

"नारळ कबूल."

नणंद उठताना मला म्हणाली, "मावशी, तुम्ही शहाण्या आहात. केस काय टिकायची नाही. मग तो सुटणार. मग ही कुठे जाणार?" धमकी नव्हती ती. नुसता प्रश्न होता. त्या प्रश्नाने आम्हाला कित्येक दिवस नीट जेवू दिलं नाही.

सीबीएस स्टँडजवळच्या त्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही किती बसलो म्हणून सांगू. तारीख पडायची, पुढची मिळायची. सरकारी वकील मॅडम सरळ बोलायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे बघा, गळा दाबल्याच्या केसेस माझ्याकडे खूप येतात. साक्षीच्या दिवशी बहुतेक बाया फिरतात. काही आठवत नाही म्हणतात, पडले म्हणतात, तडजोड झाली म्हणतात. मग मी तरी काय करू? तुम्ही फिरणार असाल तर आत्ताच सांगा."

ही म्हणाली, "फिरले तर तो मागं येईल ना, मॅडम."

त्याच व्हरांड्यात आमच्या शेजारी एक बाई बसायची. सातपूरकडची असावी. तिची केसही तसलीच. गळ्याला ओढणी गच्च गुंडाळलेली, कडक उन्हातसुद्धा. एका तारखेला ती नवऱ्याबरोबरच आली, दोघांनी एका ग्लासातला चहा अर्धा अर्धा प्याला. तिचा पुकारा झाला, ती आत गेली, लगेच बाहेर आली. मला काही आठवत नाही म्हणाली असणार. जाताना आमच्याकडे बघून ओशाळं हसली. मोटारसायकलवर त्याच्या मागे बसून गेली. मला वाईट वाटलं. पेठवाली बराच वेळ त्या गाडीकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं हाय. निदान गाडीवर तरी ती मागं हाय आणि तो पुढं."

मी हसले. मग दोघींनाही हसता येईना.

साक्षीची तारीख आली त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, म्हणून आधी माझीच साक्ष घेतली. माझं काय विचारता. मला विचारलं, "तुम्ही फिर्यादीला कधीपासून ओळखता?" मी द्राक्षाच्या हंगामापासून सुरुवात केली. जज्जसाहेब म्हणाले, "आजी, विचारलं तेवढंच सांगा." मी म्हटलं, "तेवढंच सांगतेय, पण ते लांब आहे." टाइप करणारी मुलगी हसली. पण डोळ्यांतले ठिपके, आवळलेला हार, आखूड पोत, एवढं मी नीट सांगितलं. साक्ष झाल्यामुळे पुढच्या तारखेला मला आत बसायला मिळालं. देवाने तेवढं बरं केलं.

तुम्ही कोर्टाची खोली आतून पाहिली नसेल तर सांगते. समोर उंचावर साहेब. त्यांच्यासमोर साक्षीदाराचा कठडा. आणि आरोपी कुठे? मागे. सगळ्यांच्या मागे, दाराशी, लाकडी पिंजऱ्यात. म्हणजे साक्षीदार साहेबांकडे तोंड करून उभा राहिला की आरोपी बरोबर त्याच्या पाठीशी. हे आम्हाला आधी सुचलंच नव्हतं. इतक्या तारखा बाहेर बसलो, आत काय असतं ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ती कठड्यात चढली. शपथ घेतली ती कुणाला ऐकू आली नाही. साहेब म्हणाले, "मोठ्याने बोला." त्याचा वकील उठला, "साहेब, आवाजाचं नाटक आहे." मॅडमनी डॉक्टरांचा कागद पुढे केला. आणि ही बोलेचना. मी पाहत होते, तिची मान ताठरली होती, दोन बोटं खळगीवर. दुसऱ्या हाताने कठड्याचं लाकूड धरलेलं. मला कळलं. मला उठून तिच्या मागे बघून यावंसं वाटत होतं, पण या वेळी मागे कोणीतरी खरंच होतं. मी काय सांगणार होते?

मॅडम कुजबुजल्या, "बोला, नाहीतर संपलं सगळं."

ती म्हणाली, "साहेब, मागं कोण हाय का?"

साहेबांना कळलं नाही. "काय म्हणतात त्या?"

"मागं तो हाय. मी भिंतीला पाठ लावून उभी राहू का?"

वकील काहीतरी बोलायला गेला. साहेबांनी हाताने थांबवलं. तिच्याकडे पाहिलं, मागे पिंजऱ्याकडे पाहिलं. "राहा," म्हणाले. "टायपिस्टच्या बाजूला उभ्या राहा. ऐकूही येईल."

ती कठड्यातून उतरली आणि बाजूच्या भिंतीपाशी गेली. पाठ टेकली. आणि आता झालं काय, की तो सरळ तिच्यासमोर आला. मागे नको म्हणून तिला त्याला समोर घ्यावं लागलं. साक्ष संपेपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही. मला वाटत होतं आता कोसळेल. पण ती सांगत गेली. पाट, हार, चहा, गुलाबाचा काळा रंग. टायपिस्ट मुलगी एकेक वाक्य ऐकून मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे त्या दिवशी तिचा आवाज त्या मुलीच्या तोंडून खोलीभर झाला.

मग त्याचा वकील. लाखेचं सील तोडून मुद्देमालाचं पाकीट उघडलं. पोत बाहेर काढून वर धरली.

"ही तुमचीच?"

"हो."

"ही तर धड आहे. दोरा तुटला म्हणता, कुठे तुटलाय?"

"मी ओवली."

"कधी?"

"शुद्ध आल्यावर."

"म्हणजे नवऱ्याने गळा दाबला, तुम्ही मरता मरता वाचलात, आणि पोलिसांत जायचं सोडून मणी ओवत बसलात?"

"हो."

"आणि नंतर हारही पुरा केलात? लग्नाचा?"

"लग्न दुसऱ्याचं होतं ना, साहेब. त्यांचा काय दोष?"

कुणीतरी मागे हसलं. वकिलाला जोर आला. "मला सांगा, इतकी भीती वाटली असती तर पहिलं काम पोत ओवायचं कोणी केलं असतं? का ओवलीत?"

ती वकिलाकडे नाही, समोर पिंजऱ्याकडेच बघत होती. "तो जिता हाय ना," म्हणाली. "तुटकी ठेवली तर त्याच्या जिवाला बरं नसतं."

टायपिस्ट मुलीने ते वाक्य मोठ्याने म्हटलं नाही. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा म्हटलं. तिच्या नवऱ्याने मान खाली घातली की नाही असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही घातली. तो अंगठ्याचं नख बघत होता.

मॅडमनी मग पोलिसांची ती मण्यांची पुडी मागवली. पोत इतकी आखूड का, तिचेच राहिलेले मणी पुडीत कसे, ते साहेबांना दाखवलं. मण्यांना काही खोटं बोलता येत नाही. बाहेर आल्यावर ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बोलले ना मावशी? ऐकू गेलं ना?"

निकालाला आणखी बराच काळ गेला. तो टेम्पो उभा राहतच होता. निकालाच्या दिवशी मला कायद्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते. साहेब म्हणाले, बाई खरं बोलते. गळा आवळला हे खरं. पण दोरा तुटल्यावर आरोपी थांबला, हाताने दाबलं नाही, निघून गेला. तेव्हा जीवच घ्यायचा होता, हे शंकेपलीकडे सिद्ध होत नाही. म्हणून कलम खाली आलं, इजा केल्याचं. शिक्षा, जेवढे महिने त्याने आधीच आत काढले तेवढीच. म्हणजे तो मोकळा.

मी साहेबांना नावं ठेवत नाही. त्यांनी तिला भिंत दिली, ते मी विसरणार नाही. पण जो दोरा तुटला म्हणून ती वाचली, तोच दोरा तुटला म्हणून तोही वाचला, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पायऱ्या उतरताना मी रडत होते. ती रडत नव्हती. म्हणाली, "दोरा पक्का असता तर केस पक्की झाली असती, मावशी." मग थोड्या वेळाने, "खोटी नाय म्हणाले ना मला?"

"नाही गं. खरी म्हणाले."

"तेवढं लिहिलं ना त्यांनी?"

"लिहिलं."

तिने मान हलवली. फाटकापाशी थांबली आणि विचारलं, "मागं कोण हाय का?" मी वळून पाहिलं. तो पायऱ्यांवर उभा होता, नणंद त्याला पेढा भरवत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला खोटं सांगितलं. "कोणी नाही. चल."

तीन-चार दिवसांत ती गेली. हातातली माळ पुरी केली, गाठ मारली, पिशवी उचलली. पेठला गेली नाही, एवढं सांगते, कारण तो सगळ्यात आधी तिथंच जाणार होता. कुठे गेली ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. म्हणून नावही सांगितलं नाही. हे ऐकून कुणाला ओळख पटली तर मेहरबानी करून ती आपल्यापाशीच ठेवा.

आणि तो आला. दुपारची वेळ होती. मी इथेच शेडमध्ये, रस्त्याकडे पाठ करून शेवंती निवडत होते. पावलं वाजली नाहीत. मानेवर कुणाचा तरी श्वास आल्यासारखं वाटलं आणि अगदी मऊ आवाजात कानाशी, "मावशी, कुठे पाठवली तिला?"

मला वळता येईना. खरं सांगते, वळायला मानच तयार नव्हती. समोर टोपलीत शेवंती होती, पिवळीधमक, आणि ती मला काळी दिसायला लागली. गळ्याला कुणी हात लावला नव्हता तरी. तेव्हा मला समजलं की ती इतके दिवस काय विचारत होती आणि मी कंटाळून काय सांगत होते.

"ओझरकडे," मी म्हटलं. "घरकामाला गेली म्हणे कुणाकडे. मला तरी कुठे सांगून गेली?"

तो बराच वेळ उभा राहिला. माझ्या टोपलीतलं एक फूल उचललं, वास घेतला, परत ठेवलं. "बरं," म्हणाला. टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी श्वास सोडला.

अधूनमधून डोंगरातली एखादी रानभाजी विकणारी बाई माझ्यासमोर टोपली उतरवते, पाणी मागते, आणि जाताना पानात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून जाते. करवंदं, कधी नागलीची भाकर. वर दोऱ्याची गाठ. ती गाठ मी ओळखते. जिवंत आहे एवढं कळतं. पुढचं मी विचारत नाही, तीही सांगत नाही. हल्ली दोन महिने कोणी आलेलं नाही. उशीर झाला असेल. असा उशीर पूर्वीही झालाय, असं मी स्वतःला सांगते.

ती जिथे बसायची ती जागा आता माझी आहे. बघा, भिंतीवर तो काळपट गोल दिसतो ना? तिच्या डोक्याच्या तेलाचा आहे तो. ती बुटकी, म्हणून तो माझ्या मानेशी येतो. दिवाळीला पोरांनी सगळी शेड रंगवली, तेवढा मी रंगवू दिला नाही. तिथे पाठ टेकली की सगळा रस्ता समोर दिसतो, वळणापासून येणारा माणूस दिसतो. तिथे बसले की कोण येतंय हे मला आधीच कळतं, आणि मग मी चहा ठेवते.

म्हणून म्हणते, येत जा. असे वर्ष वर्ष दडून बसू नका, मला एकटीला हा रस्ता बघवत नाही. लवकर या. येताना वळणावरूनच हाक मारा, मोठ्याने, आणि समोरून या.